रिकाम्या चुलीचा धूर

[शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव. भिंतीला भिंत लावून पत्र्याची दोन घरं. एका घराच्या ओट्यावर सरकारी खर्च-पाहणीचा गहिनीनाथ मांडीवर टॅब घेऊन बसलाय. समोर रतनबाई, खांबाला टेकून मुंजाजी. सांजेची वेळ.]

गहिनीनाथ : आणि तंबाखू? मागच्या सात दिवसांत घरात किती पुड्या लागल्या?

रतनबाई : दोन. न्हाई, तीन धरा.

गहिनीनाथ : मिसरीसाठी?

रतनबाई : मी कुठं मिसरी लावते? माझ्या मायनंबी कधी लावली न्हाई.

गहिनीनाथ : मग तीन पुड्या संपवल्या कुणी, मावशी? मघाशी तर सांगितलंत, घरात जेवणारं माणूस सध्या एकच, तुम्ही.

मुंजाजी : येनारा-जानारा खातो. दारात आलेल्या मानसाला चिमूटभर तंबाखू नगं का द्यायला?

गहिनीनाथ : बाबा, तुम्ही शेजारचे. तुमचं घर माझ्या यादीत नाही. तेल तुम्ही सांगितलं, मीठ तुम्ही सांगितलं, काडीपेटीसुद्धा तुम्हीच. आता जरा मावशींना बोलू द्या.

मुंजाजी : बोलू द्या की. मी काय तिच्या तोंडावर हात ठिवलाय?

रतनबाई : साहेब, ते शेजारी न्हाईत. मालक हायेत माझे.

गहिनीनाथ : मालक म्हणजे?

रतनबाई : नवरा. लगनाचा.

गहिनीनाथ : अन् मी तासभर यांना शेजारचे मुंजाजीबाबा म्हणतोय.

मुंजाजी : शेजारीच ऱ्हातो मी. खोटं काय हाय त्याच्यात? हे घर धाकट्याचं, पंडितचं. त्यो पलीकडचा दरवाजा थोरल्याचा, उत्तरेश्वरचा. पोरांची वाटनी झाली तव्हा म्हातारी धाकट्याकडं गेली, मी थोरल्याकडं. तुमच्या चिठ्ठीत निघालं पंडितचं घर. मग मी शेजारचाच झालो का न्हाई?

रतनबाई : रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. इहीर तेवढी सामाईक ठिवली, तिच्यात भिताड घालता येईना म्हनून. आता तिलाबी पानी न्हाई. टँकरवर जगतंय गाव.

गहिनीनाथ : असतं असं पुष्कळ घरांत. आमच्या आष्टीकडंही आहे. मला त्याच्याशी काही करायचं नाही. माझं काम एवढंच, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. रेशनकार्ड बघायचं नाही, सातबारा बघायचा नाही, नातं तर त्याच्याही नंतर. चूल एक, तर घर एक.

रतनबाई : असं सरकार म्हनतंय?

गहिनीनाथ : हो. नियमच आहे तो.

रतनबाई : लिव्हलेलं हाय?

गहिनीनाथ : छापील आहे, मावशी.

मुंजाजी : सरकारला काय, कुठंबी बसून छापतंय. फुडं इचारा, साहेब.

गहिनीनाथ : पंडित, त्याची बायको, लेकरं कुठं असतात?

रतनबाई : कोयत्यावर गेलेत. दोघंबी भाऊ बायका-लेकरांसंगं, पार सांगलीच्या अंगाला, ऊस तोडाया. दिवाळी झाली का जात्यात. ते येईस्तवर मी हितं एकटी, आन हे पलीकडं एकटे.

गहिनीनाथ : आणि धान्य?

रतनबाई : जाताना सुना ज्वारीचं एक-एक पोतं ठिवून जात्यात. धाकटी माझं हितं, थोरली ह्यांचं तिकडं. यंदा रानात काई पिकलं न्हाई, दोन्हीबी इकतची हायेत. जाता-जाता दोघी बजावत्यात, आमच्या पोत्यातलं त्यांच्याकडं जाता कामा नये. पोरी वाईट न्हाईत. उन्हातान्हात डोक्यावर मोळ्या व्हावून आनलेलं हाय ते, नजर ठिवनारच.

गहिनीनाथ : ज्वारी तुमची बरोबर बसतेय, एका माणसाची. बाकीचं बसत नाही. तेल, मिरची, चहापत्ती, सगळं दोन माणसांचं दिसतंय. बरं, सरपण सांगा. कशावर रांधता?

रतनबाई : पऱ्हाटी, तुराट्या. बाभळीचं वाळलेलं घावलं तर ते.

गहिनीनाथ : महिन्याला किती मोळ्या?

रतनबाई : आठ-धा.

गहिनीनाथ : एकट्या माणसाच्या भाकरीला आठ-दहा मोळ्या?

रतनबाई : वलं असतंय सरपन. लवकर पेटत न्हाई.

मुंजाजी : असल्या दुस्काळात वलं कुठलं आलं? काईबी सांगती.

रतनबाई : तुमी गप बसा.

गहिनीनाथ : बाबा, तुमच्याकडं चूल पेटलेली दिसते. पत्र्यावरून धूर येतोय आणि घरात तर कुणीच नाही. तुम्ही इथं बसलात, तिकडं कोरड्यास करपून जाईल.

मुंजाजी : करपाया हाय काय तिच्यावर? रिकामीच हाय.

रतनबाई : घ्या. झालं.

गहिनीनाथ : रिकामी चूल पेटवून ठेवलीत?

मुंजाजी : थंडी पडती.

गहिनीनाथ : शिवरात्र होऊन गेली, बाबा. मी घामानं भिजलोय.

रतनबाई : आता काय लपवायचं. सांगते, साहेब. पन हे जातं कुठं? तलाठ्याकडं?

गहिनीनाथ : कुणाकडंच नाही. तुमचं नावसुद्धा पुढं जात नाही. असं एक घर, त्यात एवढी माणसं, एवढा खर्च, इतकंच जातं.

रतनबाई : मग ऐका. पोरांचा ट्रक गेला का त्याच सांजंला हे हितं जेवाया येत्यात. चूल एकच, ही. ज्वारी एक दिस माझ्या पोत्यातली, एक दिस ह्यांच्या. म्हंजी दोनी पोती सारखी खाली जात्यात, कुनाला वळखू येत न्हाई.

गहिनीनाथ : आणि ती पलीकडची?

रतनबाई : ती गावासाठी. समोर आमच्या भावकीतला धोंडीराम ऱ्हातो. कुनाच्या पत्र्यावर धूर हाय आन कुनाच्या न्हाई, एवढंच बगाया जलमलाय. पयल्या साली त्यानं उत्तरेश्वरला फोन लावला, तुझ्या बापाची चूल थंड हाय, म्हातारा भावाच्या पोत्यातलं खातोय. तितं फडात दोघी जावांची तकरार झाली. भाऊ भावाशी बोलंना, एका गाडीत यायचे ते येगळे आले. तव्हापून मी सांच्याला जाऊन चार काड्या लावून येते.

गहिनीनाथ : नुसत्याच?

मुंजाजी : कधी पानी ठिवतो वर.

रतनबाई : उगं सरपन जाळाया जीव व्हत न्हाई, म्हनून. त्या पान्यानं हे पाय शेकत्यात.

गहिनीनाथ : म्हणजे या घरात माणसं दोन. बाबांना घेतो मग यात.

मुंजाजी : न्हाई. मला हितं लिव्हायचं न्हाई.

गहिनीनाथ : जेवता तर इथं.

मुंजाजी : जेवतो. पन माझं घर ते हाय. पंचांच्या म्होरं ठरलंय. उद्या कुठून कळलं, तर म्हनतील, खातो थोरल्याचं आन नाव लावतो धाकट्याकडं.

गहिनीनाथ : कळणार नाही, सांगितलं ना.

मुंजाजी : तुमाला मालूम न्हाई गाव. हितं मानूस शिंकलं तरी कळतंय.

गहिनीनाथ : मग एकच मार्ग राहिला, पाहुणा. बाहेरचं माणूस घरात जेवलं, तर किती जेवणं वाढली ते वेगळं टाकायचं असतं.

मुंजाजी : हां, ते लिव्हा. पाव्हना लिव्हा.

रतनबाई : पाव्हना?

मुंजाजी : लिव्हायपुरतं गं.

रतनबाई : चाळीस वर्सं भाकरी थापल्या ह्या पाव्हन्याला. दोन लेकं झाली, त्यांची लगनं झाली, नातवंडं झाली. बरं. लिव्हा, साहेब. पन मग वागाबी पाव्हन्यावानी. सकाळी उठून शेळीला चारा टाकू नका. कोरड्यासात मीठ कमी हाय म्हनू नका. परवा माझे पाय दाबून दिले, तेबी पाव्हन्याचं काम न्हवं.

मुंजाजी : परक्या पोरासमोर काय बोलती ही.

गहिनीनाथ : मी ऐकलं नाही, बाबा. तसला प्रश्नच नाही माझ्याकडं. मुलं परत कधी येणार, ते सांगा. मला अजून एक फेरी आहे.

रतनबाई : लई दिस हायेत अजून. पाडवा होऊन जाईल.

मुंजाजी : परवा येत्यात.

रतनबाई : कोन परवा येतंय?

मुंजाजी : पोरं. पट्टा पडला, तोडनीचा हंगाम सपला. यंदा ऊसच न्हाई कुठं, उभा वाळून गेला. काल कारखाना बंद झाला. मुकादमानं ट्रक ठरवलाय, परवा सकाळी हितं उतरत्यात.

रतनबाई : तुमाला कुनी सांगितलं?

मुंजाजी : पंडितचा फोन आलता. सकाळी.

रतनबाई : सकाळी आलता. आन सकाळधरून तुमी हितंच हायात. दुपारी जेवलात. चहा पिलात. शेळीच्या खुराला तेल लावत बसलात.

मुंजाजी : सांगनार व्हतो.

रतनबाई : कव्हा? ट्रक दारात लागल्यावर?

मुंजाजी : रातचं जेवन झाल्यावर. म्हनलं, आजचा घास तरी सुखानं खाऊ दे हिला.

गहिनीनाथ : मी उद्या सकाळी येऊ का, मावशी?

रतनबाई : बसा. तुमचं काम निम्मं राहिलंय. लेकरा, आईनं असं बोलू न्हाई, पन बोलते. ट्रक जातो तव्हा मला रडू येतं. नातवंडं वळून-वळून बगत्यात, मी पार फाट्यापतोर मागं जाते. आन सांच्याला दोन मानसाचं पीठ मळाया बसले का बरं वाटतं. दोन्हीबी खरं हाय. पोरं आली का जीव भांड्यात पडतो, आन त्याच दिशी हे उठून पलीकडं जात्यात. भिताडाच्या त्या अंगाला ह्यांचा खोकला ऐकत मी पडून ऱ्हाते. थोरलीची भाकर जाड असती, तिला तरी टायम कुठं हाय. ह्यांना दात न्हाईत. नातू येऊन सांगतो, आज्जे, आज्ज्यानं निम्मी तशीच ठिवली. मग माझ्याबी घशाखाली उतरत न्हाई.

मुंजाजी : थोरलीला बोल लावू नको.

रतनबाई : लावलाय का? आयका नीट.

गहिनीनाथ : वाटणीच्या वेळी तुम्ही काय म्हणालात, मावशी?

रतनबाई : मी आत पंचांसाठी चहा करत व्हते. चहा घेऊन भायेर आले तव्हा कळलं का मी पंडितची झाले. कुनी काई इचारलं न्हाई. मी कपबशा दिल्या आन आत गेले.

मुंजाजी : पंचातले विठ्ठलराव म्हनले, दोनी म्हातारी मानसं एकावर टाकली तर त्याच्यावर बोजा व्हतो. बरूबरच बोलले. मी व्हय म्हनलो. पोरं एकमेकाच्या अंगावर धावून गेलती, मिटवायचं का वाढवायचं?

रतनबाई : मिटवा की. पन आत येऊन मला एक शबूद इचारायचा व्हता.

मुंजाजी : व्हय. ते राहिलं.

रतनबाई : आज ह्या लेकरानं इचारलं, कुठल्या चुलीवर जेवता म्हनून. एवढ्या वर्सात पयल्यांदा कुनी इचारलं. मला लई बरं वाटलं, साहेब. तुमाला वाटंल, म्हातारी खुळी हाय.

गहिनीनाथ : तसं नाही वाटलं मला.

मुंजाजी : आन इचारून व्हतंय काय? दोन पोती येत्यात, ती दोन चुली हायेत म्हनून. एक केली तर हा म्हनंल त्याच्याकडं हायेत, त्यो म्हनंल ह्याच्याकडं. पोतं यायचं बंद.

रतनबाई : व्हऊ द्या बंद. दोघांचं श्रावणबाळचं पेन्शन येतं. शेळ्या हायेत. मी अजून रोजगार हमीवर खडी फोडते. मानसं दोन, खानार किती?

मुंजाजी : लोक पोरांना नावं ठिवतील. दोन लेकं असून म्हातारी मानसं येगळी रांधत्यात म्हनतील.

रतनबाई : आता काय आरती ओवाळत्यात? एक हिकडं बांधलंय, एक तिकडं.

गहिनीनाथ : मी मधे बोलत नाही, माझं काम विचारायचं. पण हा रकाना मोकळा ठेवून मला पुढं जाता येत नाही, टॅबच जाऊ देत नाही. बाबांना पाहुणा टाकू का?

रतनबाई : टाका. ते म्हनत्यात ना.

गहिनीनाथ : टाकला. किती वेळा जेवले?

रतनबाई : ट्रक गेल्यापून रोज. दोनी येळा.

गहिनीनाथ : असा पाहुणा बघून वरचे साहेब मला विचारणार.

रतनबाई : मग काय सांगाल?

गहिनीनाथ : मावशींनी सांगितलं तसं लिहिलं म्हणेन.

मुंजाजी : तिनं न्हाई सांगितलं. मी सांगितलं.

गहिनीनाथ : मग तसं सांगेन.

मुंजाजी : ते खोडता येतं का?

गहिनीनाथ : येतं की.

मुंजाजी : खोडा.

रतनबाई : राहू द्या आता. परवा तर पोरं यायलीत.

मुंजाजी : खोडा म्हनलं ना. बायकूच्या दारात पाव्हना कावून व्हऊ मी? घरातलं दुसरं मानूस म्हनून लिव्हा. नाव मुंजाजी. वय सत्तराच्या फुडं काय असंल ते धरा.

गहिनीनाथ : लिहिलं. कुटुंबप्रमुख कोण लावू?

मुंजाजी : तीच. चूल तिची हाय.

गहिनीनाथ : आजचं झालं हे. पण एक सांगून ठेवतो. पुढच्या महिन्यात मी परत येणार, राहिलेल्या खर्चासाठी. तेव्हा मुलं-सुना असतील आणि पहिला प्रश्न पुन्हा हाच, या चुलीवर कोण कोण जेवतं. आज लिहिलंय म्हणून ते तसंच चालत नाही.

रतनबाई : ते ह्यांना इचारा. मला धाकटी वाढंल ते मी खाते.

मुंजाजी : आत्ताच लिव्हून ठिवा, दोघं म्हनून.

गहिनीनाथ : पुढचं आधी लिहिता येत नाही, बाबा. त्या दिवशी येऊन विचारूनच.

रतनबाई : बोला की आता. मघाधरून एवढी जबान चालत व्हती.

मुंजाजी : ह्या ओट्याच्या कडंला तीन दगडं मांडतो. उद्याच. कुनाची परवानगी लागत न्हाई त्याला.

रतनबाई : आन पोरं?

मुंजाजी : परवा उतरली का आधी दोघांना भाकर खाऊ दे, रातभर ट्रकात उभी असतील. मग बसवतो हितं. विठ्ठलरावाला बोलवायचं न्हाई, कुनालाच न्हाई. म्हनतो, ज्वारी द्यायची तर द्या, न्हाई तर राहू द्या, माझी तकरार न्हाई. मी तुमच्या मायच्या हातचं खानार हाय.

रतनबाई : न्हाई ऐकले तर?

मुंजाजी : ताटावरून उठवून न्हेनार हायेत का मला?

गहिनीनाथ : मग तुमचं दोघांचं वेगळंच कुटुंब होईल, बाबा. पंडितचं वेगळं, उत्तरेश्वरचं वेगळं.

मुंजाजी : व्हऊ द्या. सरकारनंच छापलंय ना, चूल एक तर घर एक.

रतनबाई : मघा तर सरकारला काई कळत न्हवतं.

मुंजाजी : येवढं एक कळतंय.

गहिनीनाथ : बरं, मावशी. निघतो मी, अंधार व्हायच्या आत फाट्यावर पोचायचंय. पुढच्या महिन्यात कुठल्या वेळेला आलो तर बरं पडेल?

रतनबाई : जेवायच्या येळंला या. म्हंजी तुमाला इचारायचं कामच पडायचं न्हाई.